गाडीचा नाद सुटतोय, की नुसतं वय बोलतंय?

टॅपेट

नमस्कार मंडळी. एरवी रोमात (नुसता वाचनात) असतो, आज धागा काढायचं धाडस करतोय.

वय ५२, मुक्काम पुणे. नादाच्या गाड्या दोन: वडिलांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी आणि मी स्वतः घेतलेली १९९६ ची झेन, कार्बोरेटरवाली. ऑफिसला जायला तिसरी आहे, ऑटोमॅटिक. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही आणि हेच तिचं कौतुक.

तिशीत असताना रविवार सकाळ म्हणजे पार्किंगमध्ये जुनी सतरंजी टाकून गाडीखाली. प्लग घासायचे, ठिणगीचे पॉइंट साफ करायचे, इंजिन गार आहे तोवर टॅपेट (झडपांची फट) लावून घ्यायचे. फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पट्टीची, पात फटीतून सरकवताना बोटांना एक हलकी ओढ लागते. ती नेमकी तेवढीच लागेपर्यंत नट सैल-घट्ट करत बसायचं. झाकण लावून स्टार्टर मारला आणि टकटक गेलेली असली की दिवस सार्थकी. मग नाना पेठेत फेरी. गॅस्केट, क्लिपा, आणि गरज नसलेलं काहीतरी घेऊनच परत यायचं. पावसाळ्यात ताम्हिणी ठरलेला. गाड्यांची मासिकं जाहिरातींसकट वाचायचो.

आता पद्मिनीचं कव्हर दिवाळीनंतर निघालेलंच नाही. झेन अधूनमधून कोपऱ्यावरच्या पंपापर्यंत जाऊन येते. बाजारात नवीन काय आलंय याचा पत्ता नसतो. परवा वरच्या मजल्यावरच्या मुलानं विचारलं, 'काका, हिला हँडलला गिअर का?' पूर्वी या प्रश्नावर मी त्याला अर्धा तास सोडला नसता. परवा म्हटलं, 'तेव्हा तशाच यायच्या', आणि लिफ्टचं बटण दाबलं.

आणि याचं फारसं वाईटही वाटत नाही, हे जरा खटकतंय.

तर, तुमचं असं झालंय का? कशामुळे? वय, रस्ते, की गाड्याच तशा राहिल्या नाहीत? आणि एक व्यावहारिक प्रश्न: विकू की ठेवू?

सांगकाम्या

मी पयला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ठाणेकर

वयबिय काही नाही हो. रस्ते.

घोडबंदर रोडवर रोज सकाळ-संध्याकाळ क्लच दाबून पायाला गोळे आणणाऱ्या माणसाला रविवारी 'चला, ड्राइव्हला जाऊ' म्हणणं म्हणजे हलवायाला लग्नात जिलबीचा आग्रह करण्यातला प्रकार आहे. मला कॉलेजात गाडीचं इतकं वेड होतं की खिडकीतून आवाज ऐकून गाडी ओळखायचो. आज मेट्रोचं काम कधी संपणार एवढ्याच बातमीत रस उरलाय.

तुमच्याकडे पार्किंग तरी आहे. आमच्याकडे एका फ्लॅटला एक जागा. दुसरी गाडी ठेवायची तर आधी कमिटीवर निवडून यायला लागतं.

कोल्हापुरी_फिटर

टॅपेट भावा, पोस्ट वाचून एकदम उद्यमनगरात गेलो बघ.

मला विचारशील तर गाडीचा नाद गाडीमुळं नसतोय, माणसांमुळं असतोय. आमचे एक मिस्त्री होते, शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याच्या शेजारी गाळा. शाळा कमी, पण कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून, त्याचं टोक इंजिनवर टेकवून सांगायचे, 'तिसऱ्याचा रॉकर खाल्लाय.' उघडलं की तिसऱ्याचाच. स्पेअर मिळालं नाही तर शेजारच्या लेथवर बुश मारून घ्यायचे. 'मिळत नाही' हा शब्द त्या गल्लीत कुणी ऐकलेला नव्हता. शनिवारी संध्याकाळी तिथं पाच-सहा जण जमायचे, त्यातल्या निम्म्यांच्याकडं गाडीच नव्हती!

मिस्त्री गेले. पोरानं गाळा मोबाइल दुकानाला भाड्यानं दिला. मग आम्ही कुठं जमणार? शोरूमच्या एसी लाउंजमध्ये? तिथं काचेपलीकडनं गाडी बघायची, चहा प्यायचा आणि शेवटी बिल बघायचं. त्यात कसला आलाय नाद.

तुझा नाद गेलेला नाही. तुझे दोस्त पांगलेत.

चिंगी

@टॅपेट, एका नादिष्टाची बायको या नात्यानं लिहिते. आमच्याकडे हा नाद गेला तेव्हा मी पाच नारळ फोडले.

कार्बोरेटरचे जेट रॉकेलमध्ये भिजवायला माझं इडलीचं पातेलं. गॅस्केटचा कागद कापायला माझी शिवणाची कात्री, जी नंतर कापड कापायच्या लायकीची राहिली नाही. इंजिन ऑइलचे डाग ब्लाउजपीसवर. माहेरच्या लग्नाला निघालो तेव्हा कुंभार्ली घाटात फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकायचं म्हणून कुणाचा रुमाल घेतला असेल? कांजीवरमवर मॅचिंग होता तो.

आता हे फिश टँक करतात. मासे टकटक करत नाहीत.

सांगकाम्या

चिंगीताई, कांजीवरमवर मॅचिंग रुमाल! दंडवत स्वीकारा _/\_

डॉ_बाम

सगळे मनाचं बोलतायत, मी जरा शरीराचं बोलतो.

पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरच्याही आत असते. चाळिशी लागली की ती चष्म्याशिवाय दिसत नाही. गाडीखाली उताणं झोपून प्रोग्रेसिव्ह चष्म्यातून बघायला जा, जवळचं बघायचा भाग काचेत खाली, आणि तुम्हाला बघायचंय वर. मान मोडते. पन्नाशीच्या आसपास खांदा आखडतो, मधुमेह असेल तर जास्तच. हात डोक्यावर धरून नट फिरवणं हे नेमकं त्या खांद्याला न चालणारं काम. गुडघ्यांबद्दल बोलायलाच नको.

रात्रीचं ड्रायव्हिंग आणखी वेगळं. वयानुसार डोळ्यातलं भिंग गढुळतं, समोरच्या गाडीचा प्रकाश डोळ्यात फाकतो आणि पुन्हा नीट दिसायला वेळ लागतो. त्यात समोरच्यानं बाजारातून घेतलेले पांढरे एलईडी लावलेले. माझ्याकडे येणारे किती जण सांगतात, 'डॉक्टर, आता लांब जाऊसं वाटत नाही.' त्यांना ते मनाचं वाटतं. मोतीबिंदू काढला की तेच लोक गोव्याहून फोटो पाठवतात.

तेव्हा टॅपेटराव, विकण्याआधी डोळे तपासून घ्या. खरंच सांगतोय.

निम्मा_पाना

धाग्याचा सरासरी वयोगट बघता मी इथे भाचा लागतो (वय २४, चिंचवड, ऑटोमोबाइल इंजिनीअर). थोडा विरोध नोंदवतो, ह.घ्या. (हलकं घ्या).

'गाड्याच तशा राहिल्या नाहीत' हे प्रत्येक पिढी म्हणते. पद्मिनीवाल्यांनी मारुती ८०० ला 'काड्यापेटी' म्हटलं होतं ना? बॉनेट उघडल्यावर प्लास्टिकचं झाकण दिसतं हे मान्य. पण त्याखाली भरपूर काही आहे. मी ओबीडी पोर्टला (गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला) स्कॅनर लावून इंधनाचं प्रमाण, म्हणजे फ्युएल ट्रिम, बघत बसतो तेव्हा आई अगदी चिंगीताईंसारखंच बोलते. आपोआप फट राखणारे हायड्रॉलिक टॅपेट असलेल्या इंजिनात फिलर गेजचं काम नाही, याचा अर्थ काम संपलं असं नाही.

आमचा प्रॉब्लेम वेगळा आहे. २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर कंपनीनं दिलेल्या रचनेच्या विरुद्ध काही बदल केला की गाडी बेकायदा. रुंद टायर घातले तरी चौकात मामा हात करतात. तुम्ही लोकांनी सायलेन्सर कापून, सीटा बदलून, वाट्टेल ते करून मजा केली आणि आता म्हणता मजा गेली!

रच्याकने (जाता जाता) काका, झेन विकायची झाली तर कळवा.

ठाणेकर

बघा, गिधाडं जमायला लागली :-)

टॅपेट

@फिटर: दोस्त पांगलेत हे बरोबर आहे. आमच्या रविवारच्या टोळीतला एक कॅनडात, एकाला बायपासनंतर गाडीला हात लावायची बंदी, एक वारला. पण मग त्यांच्याबरोबर मी ट्रेकलाही जायचो, ते अजून सुटलेलं नाही. नवीन माणसं मिळाली. गाडीसाठी मी नवीन माणसं शोधलीच नाहीत. का नाही शोधली, हाच तर प्रश्न आहे.

@डॉ_बाम: चष्मा प्रोग्रेसिव्हच आहे. तुम्ही माझ्या पार्किंगमध्ये कॅमेरा लावलाय का?

@निम्मा_पाना: कळवतो. काका म्हटल्याबद्दल पाच हजार जास्त.

बोरघाट

माझं गाडीचं वेड चालवण्याचं कमी आणि बघण्याचं जास्त होतं. ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर पहिली इंडियन ग्रांप्री (फॉर्म्युला वनची शर्यत) झाली, तेव्हा मी पगाराचा मोठा हिस्सा तिकिटात घालून गेलो होतो. सुरुवातीला चोवीस गाड्या एकदम सुटल्या, तो आवाज कानातून नाही, छातीतून जातो. फेटल जिंकला. पुढच्या दोन्ही वर्षी तोच जिंकला आणि २०१३ नंतर शर्यतच बंद झाली. २०१४ मध्ये व्ही-८ जाऊन टर्बो हायब्रिड आली, आवाज गेला. नंतर टीव्हीवर बघायचा प्रयत्न केला, पण टायर कधी बदलायचे आणि बॅटरी कुठे वापरायची याचं गणित ऐकता ऐकता झोप लागते.

चालवण्याचं म्हणाल तर आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरे बसलेत. सपाटीला १००, घाटात ६०. बरंच झालं, माझा त्याला विरोध नाही, तिथले अपघात डोळ्यांनी पाहिलेत. पण मग गाडी ६० लाखांची असो की ६ लाखांची, घाटात सगळे सारखेच.

वऱ्हाडी_ठसका

६० चं काय घेऊन बसले भाऊ. आमच्याकडं समृद्धी महामार्ग आहे, ७०१ किलोमीटर, १२० ची मुभा. गाडीचं वेड असलेल्या माणसाला त्यावर एकदा नागपूरहून इगतपुरीपर्यंत सोडा. वळण नाही, टपरी नाही, म्हैस नाही. वेड कायमचं उतरते. मी तं बायकोले म्हणलो, तू चालव, मी मांगं झोपतो.

श्रावणसर

एक-दोन तपशील नोंदवून ठेवतो, पुढे धागा वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडेल.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात १९६४ पासून फिएट ११०० डिलाइट बनू लागली. 'पद्मिनी' हे नाव १९७४ पासूनचं. इंजिन १०८९ सीसीचं. लोक शेवटपर्यंत 'फिएट'च म्हणत राहिले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ ला ती थांबली. खासगी पद्मिनीला अशी मर्यादा महाराष्ट्रात नाही. दिल्लीचा १५ वर्षांचा पेट्रोल गाड्यांचा नियम इकडे लावून लोक उगाच घाबरतात.

मात्र १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पुनर्नोंदणी आणि पर्यावरण कर आहेच. पुनर्नोंदणीचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार झालं आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनं २० वर्षांपुढच्या मोटारींसाठी १० हजार. टॅपेट यांच्या दोन्ही गाड्या त्यात येतात.

व्हिंटेज नोंदणीचा नियम २०२१ चा. गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात हवी. २० हजार शुल्क, १० वर्षांची नोंदणी, नंबरात 'व्हीए' अक्षरं. रोजच्या कामाला वापरता येत नाही. तुमची पद्मिनी २०३२ मध्ये पात्र ठरेल.

सांगकाम्या

सर, प्रश्न होता की वेड का जातं. तुमचा प्रतिसाद वाचून उरलंसुरलंही गेलं.

श्रावणसर

तोच उद्देश होता. आरटीओच्या रांगेत ज्याचं वेड टिकतं, त्याचं खरं.

मृण्मयी_प

वरचे सगळे पुरुष आहेत असं गृहीत धरते (चिंगी सोडून). म्हणून उलटी बाजू मांडते: माझा नाद पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू झाला.

त्याआधी घरात गाडी होती, पण किल्ली वडिलांकडे, मग भावाकडे, मग नवऱ्याकडे. 'तू बस बाजूला, नकाशा बघ.' झालं. मुलगा हॉस्टेलला गेल्यावर एका मैत्रिणीनं टीएसडी रॅलीला नेलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: यात वेगाची शर्यत नसते. अमुक टप्प्यात ताशी सरासरी अमुक किलोमीटर, असा आकडा देतात. ठरल्या सेकंदाला चेकपॉइंटवर पोचायचं. लवकर पोचलात तरी दंड, उशीर झाला तरी दंड, आणि बहुतेक ठिकाणी लवकर पोचण्याचा दंड मोठा. रोडबुकात प्रत्येक वळणाचं छोटं चित्र असतं, एक टिंब आणि एक बाण. बाजूला बसून नकाशा बघायची इतक्या वर्षांची सवय, नॅव्हिगेटर म्हणून मी पहिल्याच वेळी भल्याभल्यांना मागे टाकलं!

त्यानंतर मी स्टिअरिंगवर बसते आणि नवरा रोडबुक धरतो. त्याला गाडी लागते.

तेव्हा 'वय झालं म्हणून नाद गेला' हे मला पटत नाही. ज्यांना पंचविशीत पोटभर मिळालं, त्यांचं पोट भरलं, इतकंच. यात वाईट काय आहे?

चिंगी

मृण्मयी +१००. 'त्याला गाडी लागते' याला वेगळे १००.

हिरवळ

एवढ्या चर्चेत एकालाही वाटत नाही की जुनी कार्बोरेटरची गाडी मौजेसाठी चालवणं म्हणजे निव्वळ धूर आहे? नाद गेला हे चांगलंच झालं. सायकल घ्या.

कोल्हापुरी_फिटर

हिरवळताई/भाऊ, भावाची गाडी दिवाळीपासून कव्हरखाली आहे. कव्हर धूर सोडत नाही.

हिरवळ

मुद्दा टाळलात.

कोल्हापुरी_फिटर

बरं, टाळत नाही. धूर साफ करणारा कॅटलिटिक कन्व्हर्टर नसलेलं इंजिन आजच्या बीएस-६ गाडीपेक्षा किलोमीटरमागं कितीतरी जास्त घाण सोडतं, हे खरं. पण वर्षाला चारदोनशे किलोमीटर फिरणारी गाडी, आणि रोज सिग्नलला उभी राहणारी लाखो वाहनं, आधी कुणाला धरायचं ते तुम्हीच ठरवा. माझ्याकडं सायकल पण आहे. चेन मीच बसवतो.

संपादक मंडळ

कृपया विषयाला धरून.

म्युनिकवासी

इकडचा अनुभव. जर्मनीत ३० वर्षांपुढची, मूळ रूपातली, नीट राखलेली गाडी 'ओल्डटायमर' ठरते. तपासणी पास झाली की नंबर प्लेटच्या शेवटी 'एच' अक्षर मिळतं. कर ठरावीक, वर्षाला १९२ युरोच्या आसपास, इंजिन केवढंही असो. शहराच्या ज्या भागात धुरकट गाड्यांना बंदी, तिथेही एचवाल्यांना सूट. म्हणजे टॅपेट यांची १९९६ ची झेन इकडे आज मान्यवर ठरली असती, आणि तिकडे तिला १० हजार दंडासारखे भरावे लागतात.

उन्हाळ्यात रविवारी गावोगाव मेळावे भरतात. बिअर, सॉसेज आणि रांगेत गाड्या. पण तिथे उभे असलेले बघा: साठीचे, सत्तरीचे. तिशीचा माणूस दिसला तर तो बहुतेक वडिलांना घेऊन आलेला असतो. इकडे कुणी 'म्हातारपणी नाद गेला' म्हणत नाही, उलट म्हणतात निवृत्त झाल्यावर वेळ आणि पैसा मिळाला म्हणून नाद परत आला. माझा शेजारी नोकरीत असताना गाडीकडे बघतही नव्हता. आता गॅरेजमध्ये हीटर लावलाय आणि बायको जेवायला तिथे घंटा वाजवते.

म्हणून मला वाटतं, ५२ हे अडनिडं, मधलंच वय आहे. मुलांचं शिक्षण, आईवडिलांची दुखणी, ऑफिसात वरचे आणि खालचे दोघंही डोक्यावर. या वयात कुठलाच नाद टिकत नाही. विकू नका, आठ वर्षं थांबा.

ठाणेकर

'आठ वर्षं थांबा' म्हणायला जर्मनीत राहावं लागतं. इथे आठ वर्षांत उंदीर इंजिन घेऊन जातील.

जिप्सीवाला_होतो

आयडीतच उत्तर आहे.

माझ्याकडे जिप्सी होती, सुरुवातीच्या ९७० सीसीतली. १९८५ ला ही गाडी आली तेव्हा मी शाळेत होतो आणि तेव्हाच ठरवलं होतं. सेकंड हँड घेतली, सह्याद्रीत नेता येईल तिथे नेली. पाठीचे मणके तिच्या लीफ स्प्रिंगांनी मोजून घेतले. मग एक दिवस लक्षात आलं की मी तिला चालवतोय ते 'चालवली पाहिजे' म्हणून. बॅटरी बसू नये म्हणून. टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून. नादाची ड्यूटी झाली होती. विकली.

लोक विचारतात आठवण येते का. येते. शाळेचीही येते, पण परत पाचवीत बसायचं नाहीये मला. आता पक्षी बघतो. दुर्बीण गॅरेजला न्यावी लागत नाही.

इथे सगळे टॅपेट यांचा नाद वाचवायला निघालेत. त्यांनी स्वतःच लिहिलंय की वाईट वाटत नाही. मग विश्वास ठेवा ना त्यांच्यावर! माणसाला एकच नाद जन्मभर पुरला पाहिजे असं कुठे लिहिलंय?

मृण्मयी_प

हा धाग्यातला सगळ्यात प्रामाणिक प्रतिसाद. बाडिस (पूर्ण सहमत).

बोरघाट

पक्षी कुठले बघता? भिगवणला फ्लेमिंगो आले का यंदा?

जिप्सीवाला_होतो

आलेत. व्यनि (खासगी निरोप) करतो, इथे संपादक ओरडतील.

कोल्हापुरी_फिटर

तात्त्विक चाललंय ते चालू द्या. टॅपेट भावा, ठेव नाहीतर विक, पण दिवाळीपासून उभ्या गाडीचं आधी एवढं कर.

टाकीतलं पेट्रोल काढ. आता सगळीकडं ई-२० (२० टक्के इथेनॉलचं) मिळतंय. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जास्त झालं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला बसतं, आणि जुन्या पत्र्याच्या टाकीला आतून गंज धरतो. पद्मिनीच्या काळातले रबरी पाइप, पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरमधली सीलं या पेट्रोलसाठी बनवलेलीच नाहीत. फुगतात, मऊ पडतात, कधी तडकतात. पाइप इथेनॉलला टिकणारे घाल, स्वस्तात होतं. कार्बोरेटरचा बाउल मोकळा कर. नाहीतर सहा महिन्यांनी जेटमध्ये जे पिवळं-हिरवं साचतं ते सुईनं खरवडत बसशील (सुई नको वापरू, भोक मोठं होतंय. गिटारची बारीक तार बरी).

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाक आणि इंजिन हातानं फिरव. हँडब्रेक ओढून ठेवला असशील तर सोड, चाकाला दगड लाव, नाहीतर ब्रेक शू ड्रमला चिकटतोय. बॅटरीची एक वायर काढ.

चिंगी

चमचा स्वतःचा आणावा.

निम्मा_पाना

फिटरदादा, हे सगळं कुठे लिहून ठेवलंय का? म्हणजे व्हिडिओ वगैरे? आमच्या बॅचमध्ये कार्बोरेटर फक्त परीक्षेपुरता होता. आकृती काढता येते, प्रत्यक्षात फ्लोट कुठल्या बाजूनं वाकवायचा ते माहीत नाही.

कोल्हापुरी_फिटर

लिहून कुठलं ठेवतोय. ये कोल्हापूरला. शनिवार बघून ये.

टॅपेट

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. धन्स.

जिप्सीवाल्यांचं 'नादाची ड्यूटी झाली' हे पोटात जाऊन बसलं. झेनबद्दल अगदी तेच आहे. ती मी चालवतो कारण न चालवणं बरोबर दिसत नाही. पद्मिनीचं तसं नाही. ती मी चालवतच नाही, आणि तरी विकायचा विचार आला की घशाशी येतं. आता मला वाटतं पद्मिनी कधी गाडीच्या नादात नव्हतीच, ती वडिलांच्या खात्यातली आहे. त्यांचा चष्मा मी ठेवलाय, तो काही मला लागत नाही.

म्युनिकवासी म्हणतात तसा साठीला नाद परत येईलही. आला तर पद्मिनी आहे, तोवर २०३२ ही उजाडलं असेल. नाही आला तर श्रावणसरांची १० हजारांची पावती फाइलला लावू.

मृण्मयीताई, 'पोट भरलं' हे पटलं, पण माझ्या बाबतीत पूर्ण खरं नाही. त्या वरच्या मजल्यावरच्या मुलाला मी उत्तर दिलं नाही ते पोट भरलं म्हणून नव्हे. ऑफिसातून आलो होतो, दमलो होतो. काल तो परत भेटला. बॉनेट उघडून दाखवलं. हँडलच्या गिअरची काठी खाली गिअरबॉक्सपर्यंत कशी जाते ते बघून म्हणाला, 'एवढे जोड? निघत नाहीत का?' म्हटलं, 'निघतात.' एवढं बोलून पुन्हा कव्हर घातलं. फार काही वाटलं नाही, पण लिफ्टची घाईही नव्हती.

तर झेन विकायची. @निम्मा_पाना, अजून हवीय का?

निम्मा_पाना

हवीय!!! किंमत?

ठाणेकर

इथेच सांगा, आम्हाला पण बघायचाय सौदा.

टॅपेट

किंमत व्यनित. पण दोन अटी. एक, पिवळे फॉगलॅम्प आणि रुंद टायर लावून तिचा तमाशा करायचा नाही. दोन, फिलर गेज सोबत मिळेल, तो वापरायचा.

निम्मा_पाना

अट दोन मंजूर. अट एकवर चर्चा करू.

श्रावणसर

फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या, विमा चालू, पीयूसी ताजं. आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवली आहे ना? नसेल तर हस्तांतराचं काम अडेल.

टॅपेट

बसवलीय. जुन्या गाडीला कशी दिसते विचारू नका.

कोल्हापुरी_फिटर

पोरा, घेण्याआधी एक बघ. ते ९९३ सीसीचं इंजिन अख्खं ॲल्युमिनियमचं आहे, एकदा तापलं की हेड वाकतंय. गार इंजिनावर रेडिएटरचं टोपण काढ, पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघ. ऑइलच्या टोपणाला आतनं साईसारखं पांढरं लागलंय का ते पण बघ. नसलं तर मालक टॅपेट आहे, डोळे झाकून घे.

टॅपेट

नाहीये. रविवारी सकाळी आठला या. सतरंजी आहे माझ्याकडे.

चिंगी

इडलीचं पातेलं मात्र कुणाच्या घरून येणार, ते आधी ठरवा.